पेरणीच्या तोंडावरचे 456 रुपये

1902 च्या सुमारास मुंबईत वकिलीचा जम बसवू पाहणाऱ्या मोहनदास गांधींकडे एक अमेरिकन विमा एजंट आला. चेहऱ्याने प्रसन्न, जिभेने गोड. जुनी ओळख असल्यासारखा तो गांधींच्या भवितव्याची काळजी वाहू लागला. तोवर गांधींनी भेटलेल्या प्रत्येक एजंटाला वाटेला लावलं होतं. आयुष्याचा विमा काढणं म्हणजे भीती आणि देवावरचा अविश्वास, असं त्यांचं मत होतं. पण या माणसापुढे ते नरमले. बायकोचे बहुतेक दागिने विकून झालेत, उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर बायकापोरांचा भार भावावर पडेल, असा हिशेब मनाशी झाला आणि त्यांनी दहा हजारांची पॉलिसी उतरवली. पुढे दक्षिण आफ्रिकेत विचार पालटले. जगातल्या असंख्य गरिबांची कुटुंबं विम्याशिवाय जगतातच ना, मग आपण स्वतःला त्यांच्यातलंच का समजू नये, असं वाटून त्यांनी हप्ते थांबवले. पॉलिसी बुडाली. ही हकिगत त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितली आहे.

1936 मध्ये हाच माणूस वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आला. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. आणि त्याच सेवाग्रामात, गांधींच्या मागे काही दशकांनी, गरिबांच्या विम्याचा एक अस्सल वऱ्हाडी प्रयोग उभा राहिला. त्याचा हप्ता ज्वारीत भरला जायचा.

डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलेलं कस्तुरबा रुग्णालय आणि 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून निघालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय, ही या प्रयोगाची पार्श्वभूमी. 1970 च्या दशकाची अखेर आणि 1980 च्या दशकाची सुरुवात या काळात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत फिरत होते. दवाखाना जवळ होता, पण आजारपण आलं की हातात रोकडा नसे. मजुराच्या घरात नोटा कमी, धान्य मात्र सुगीत येतंच. मग वर्गणी सुगीत, धान्याच्या रूपात घ्यायची असं ठरलं. भूमिहीनाने थोडी ज्वारी द्यायची, जमीन असलेल्याने आपल्या एकरांच्या मानाने जास्त. ऐपतीप्रमाणे द्यावं आणि गरजेप्रमाणे घ्यावं, असं त्याचं सूत्र. त्या बदल्यात गावात औषधं घेऊन बसणारा आरोग्यसेवक आणि गरज पडली तर सेवाग्रामला खाट.

विम्याच्या जाड पुस्तकांत जे सांगितलेलं असतं, ते या योजनेच्या दोन अटींत सापडतं. पहिली अट अशी की, गावातली किमान पाऊणशे टक्के घरं सामील झाली तरच योजना सुरू होणार. ही अडवणूक नव्हती. प्रवेश खुला ठेवला तर ज्याच्या घरात आधीच दमेकरी आहे, ज्याला ऑपरेशन सांगितलंय, तोच आधी पायली घेऊन येतो. धडधाकट माणूस म्हणतो, पुढच्या साली पाहू. अशाने कोठीत पडणाऱ्या ज्वारीपेक्षा बाहेर जाणारी जास्त होते आणि योजना दोन हंगामांत बसते. आजच्या कंपन्या जुन्या आजारांसाठी दोन-तीन वर्षं थांबायला लावतात, अर्जात पन्नास प्रश्न विचारतात, त्यामागे हीच भीती आहे. फरक एवढाच की खेड्यात सगळ्यांना एकदम आत घेऊन ती भीती घालवता आली.

दुसरी अट अधिक मजेशीर. अचानक कोसळणाऱ्या आजारात उपचार मोफत. पण साधं बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा आधीपासून कळणाऱ्या गोष्टींत खर्चाचा काही हिस्सा घरच्यांनी उचलायचा. ज्याची तारीख माहीत आहे त्यासाठी घरात तरतूद करता येते. ज्याची तारीख कुणालाच माहीत नाही आणि जे एका घराला पेलत नाही, त्यासाठी गावाची कोठी.

हा भेद डोक्यात ठेवून आज वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वीकडच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातली लोखंडी पेटी उघडली तर काय दिसतं? प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच पॉलिसी निघतात. एक मुलीच्या लग्नासाठी, एक मुलाच्या शिक्षणासाठी, एक मनीबॅक, एक मार्च महिन्यात आयकर वाचवायला घाईघाईने घेतलेली. एक तर साळ्याने एजन्सी घेतली म्हणून, त्याचं मन मोडायला नको एवढ्याचसाठी. मुलीचं लग्न, मुलाचं कॉलेज, निवृत्ती या साऱ्या गोष्टींच्या तारखा अदमासे ठाऊक असतात. म्हणजे सेवाग्रामच्या हिशेबाने या तरतुदीच्या बाबी. आणि कमावता माणूस उद्या गेला तर काय, या खऱ्या अनिश्चित प्रश्नाला ती सगळी पिशवी मिळून पाच-सात लाखांचं उत्तर देते.

आकडे मांडून पाहावे. ते ढोबळ आहेत, कंपनी आणि वयानुसार बदलतील. तिशीतल्या एका शिक्षकाने वर्षाला 50 हजार हप्ता असलेली, 20 वर्षांची बचतीची पॉलिसी घेतली, तर विम्याची रक्कम साधारण 10 लाखांच्या आसपास असते. मुदत संपल्यावर बोनससह हाती येणारा परतावा बहुतेक वेळा वर्षाला पाच-साडेपाच टक्क्यांच्या घरात पडतो, म्हणजे 17 ते 18 लाख. आता त्याच माणसाने बचत आणि विमा वेगळे केले. तंबाखू न खाणाऱ्या तिशीतल्या माणसाला 50 लाखांचा निव्वळ मुदत विमा, ज्याला सगळे टर्म म्हणतात, तो वर्षाला सहा-आठ हजारांत मिळतो. सात हजार धरू. उरलेले 43 हजार त्याने दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले, 15 वर्षांनंतर खातं पाच वर्षं वाढवलं आणि सध्याचा 7.1 टक्के दर टिकला, तर 20 वर्षांनी साधारण 19 लाख होतात. हातात येणारी रक्कम जवळपास तेवढीच, जराशी जास्तच. पण मधल्या काळात घरावर 10 लाखांऐवजी 50 लाखांचं छप्पर होतं.

टर्म पॉलिसी लोकप्रिय का होत नाही, याचं कारण कुठल्याही पारावर ऐकू येतं: ‘जिवंत राहिलो तर एक पैसा परत नाही.’ खरं आहे. सेवाग्रामच्या कोठीत टाकलेली ज्वारीही वर्षभर ठणठणीत राहिलेल्याला परत मिळत नव्हती. ती शेजाऱ्याच्या पोराच्या न्यूमोनियात खर्च झालेली असे. एजंटाचं कमिशन बचतीच्या पॉलिसीवर भारी आणि टर्मवर रुपयांत नगण्य, हेही एक कारण आहे, आणि ते पारावर कुणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या पॉलिसी आधीच आहेत त्यांनी हे वाचून तिरीमिरीत त्या मोडू नयेत. पहिल्या काही वर्षांत मोडलेल्या पॉलिसीत नुकसान मोठं होतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या पॉलिसींना पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम परत मिळण्याचे नियम लागू झाले, जुन्यांना मात्र त्यांच्याच अटी. कधी हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ करणं परवडतं, कधी शेवटची दोन-चार वर्षं निभावून नेणंच बरं. आणि नव्या पॉलिसीबद्दल पस्तावा झाला, तर कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे माघारी येतात. या महिनाभरात पॉलिसीची वही उघडून वाचणारे फार थोडे.

शेतकऱ्याची अडचण निराळी आहे. वर्धा जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन, तूर पिकवणारा माणूस ऑनलाइन टर्म पॉलिसी घ्यायला बसतो तेव्हा कंपनी पगाराची चिठ्ठी मागते, नाहीतर आयकर विवरणपत्र. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्र भरण्याचा प्रश्नच आलेला नसतो. सातबारा दाखवून 50 लाखांचा विमा मिळवणं अवघड जातं. कर लागत नसला तरी दरवर्षी विवरणपत्र भरून शेतीचं उत्पन्न त्यात दाखवत राहणं, हा त्यावरचा सरळ उपाय. बँकेच्या कर्जालाही ते कागद उपयोगी पडतात.

याच शेतकऱ्यासाठी, आणि दुकानदार-कंत्राटदारासाठीही, 1874 सालचा एक कायदा आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा हा कायदा इंग्रजांच्या काळातला. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा काढताना, तो या कायद्याखाली बायको किंवा मुलांच्या नावे असल्याचं एका जादा फॉर्मवर नोंदवलं, तर ती रक्कम त्यांची होते. बँक, सावकार, कुणीही धनको तिच्यावर हात ठेवू शकत नाही. फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर ही सोय जोडता येत नाही; आणि एकदा भरला की त्या पॉलिसीवर स्वतःसाठी कर्जही काढता येत नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा कर्जबाजारी जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. इथल्या घरांना हा फॉर्म एजंटांनी आपणहून दाखवायला हवा होता.

आता आजारपणाकडे वळू. याबाबतीत वर्ध्याची माणसं इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा नशीबवान. सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालयं एकाच शहराच्या दोन अंगांना आहेत. राज्याची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर ती चालायची. मात्र शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या 14 जिल्ह्यांत, वर्ध्यासह, पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती लागू होती. 1 जुलै 2024 पासून ती शिधापत्रिकेचा रंग न पाहता सगळ्यांसाठी खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. 70 आणि त्याहून जास्त वयाच्या वृद्धांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळू लागलं, ते 29 ऑक्टोबर 2024 पासून.

एवढं असताना खासगी आरोग्य विमा कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल, आणि तो रास्त आहे. सरकारी योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते आणि नोंदणीकृत रुग्णालयातच चालते. यादीतल्या शस्त्रक्रियेला पूर्ण संरक्षण, यादीबाहेरच्या तापाला काही नाही. भरती होताना रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी आधी जायचं असतं. पैसे भरून घरी आल्यावर पावत्या घेऊन गेलं तर उपयोग नाही. आणि अपघात नागपूर रस्त्यावर झाला, ॲम्ब्युलन्सने योजनेत नसलेल्या खासगी रुग्णालयात नेलं, की सगळा हिशेब खिशातून. ज्याला वर्षाला वीसेक हजार आरोग्य विम्यावर घालणं खरोखर जड जातं, त्याने आधी शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्डातली नावं जुळवून घ्यावीत. नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून ऐनवेळी धावपळ करणारी कुटुंबं कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीशी दिसतात. ज्याला परवडतं, त्याने मात्र खासगी पॉलिसी तरुणपणीच, निरोगी असतानाच घ्यावी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला आहे.

आरोग्य पॉलिसी निवडताना लोक हप्ता पाहतात, फार तर विम्याची रक्कम पाहतात. भांडण पुढे होतं ते खोलीच्या भाड्यावरून. समजा तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार आहे. रुग्णाने सहा हजारांची खोली घेतली. नातेवाइकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. बिल येतं तेव्हा कळतं की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह अशा खोलीच्या दर्जाशी बांधलेल्या खर्चांतही त्याच प्रमाणात, निम्म्याने, कात्री लागली. औषधांना ती लावता येत नाही, पण उरलेलं बिल पुरेसं मोठं असतं. म्हणून तीन लाखांची, खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी ही पाच लाखांच्या मर्यादावालीपेक्षा कधी कधी अधिक कामाची. ‘को-पे’, म्हणजे बिलातला आपला वाटा, हा शब्द दिसला तर किती टक्के, हेही तिथेच विचारून घ्यावं. वडिलधाऱ्यांच्या पॉलिसीत तो बऱ्याचदा असतो.

2024 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ग्राहकाच्या बाजूने बरंच काही पक्कं केलं. जुन्या आजारांसाठी थांबायला लावण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होती. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसची विनंती आली की कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा, आणि रुग्णालयातून सुट्टी देताना अंतिम मंजुरी तीन तासांत. आयुर्विम्याला तर विमा कायद्याच्या 45 व्या कलमाने तीन वर्षांनंतर असंच कवच दिलेलं आहे.

पण पहिली तीन किंवा पाच वर्षं? तिथे विदर्भाचा एक खास घोळ आहे. अर्जात प्रश्न असतो, आपण तंबाखूचं सेवन करता काय. पानठेल्यावर दिवसाला तीन पुड्या तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणारा माणूस बेधडक ‘नाही’ वर खूण करतो. त्याच्या मनात खोटेपणा नसतो. सिगारेट-विडी ओढतो तो तंबाखूवाला, आपला तर खर्रा! कधी खूण करणारा तो नसतोच; एजंट त्याच्या सहीपुरता कागद पुढे सरकवतो, बाकी रकाने स्वतः भरतो. शुगर लिहू नका, हप्ता वाढतो, असा सल्लाही प्रेमाने देतो. वाढतो हे खरं, तंबाखूसाठी बराच वाढतो. परंतु तोंडाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टर पहिल्याच ओळीत ‘दहा वर्षांपासून खर्रा’ असं लिहितात आणि कंपनीच्या हाती तोच कागद जातो. अर्ज आपल्या हाताने भरावा, निदान भरलेला वाचून सही करावी. सगळ्या सल्ल्यांत बिनपैशाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला हाच असावा.

दावा नाकारला गेला म्हणून प्रकरण संपत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. शिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

‘विमा’ हा शब्द वर्ध्याच्या खेड्यात उच्चारला की समोरच्याच्या डोक्यात आधी पीक विमा येतो, आणि कपाळावर आठी. अतिवृष्टीने सोयाबीन गेलं, बहात्तर तासांत कळवलं, तरी हाती काही आलं नाही किंवा आलं ते हसं होईल एवढं, असं सांगणारे ठिकठिकाणी भेटतात. राज्याने खरीप 2023 पासून एक रुपयात पीक विमा दिला. तोही 2025 च्या खरिपात थांबला आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला, खरिपाला दोन टक्के, कपाशीसारख्या नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत. या अनुभवाचा राग माणसं आयुर्विमा आणि अपघात विम्यावर काढतात. राग समजण्यासारखा आहे, पण पीक विम्यात नुकसान मोजायला पंचनामे, महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन असा लांबलचक गुंता असतो. माणूस गेला, हे मोजायला सरासरी लागत नाही.

तरीही अपघाताच्या बाबतीत सरकारलाच विमा कंपन्यांचा कंटाळा आल्याचं एक उदाहरण आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आधी कंपन्यांमार्फत चालायची. दावे कागदपत्रांवरून अडत, विदर्भातले कित्येक वारसदार ग्राहक मंचांच्या पायऱ्या चढले. 2023 मध्ये राज्याने मधली कंपनीच काढून टाकली आणि योजनेचं सानुग्रह अनुदान केलं. वीज पडणं, सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणं, फवारणीतली विषबाधा, रस्ता अपघात अशा कारणांनी शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती दगावली तर दोन लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, महिनाभराच्या आत. दुःखाच्या घरात तेरवीपर्यंत कुणाला हे सुचत नाही, आणि तोवर निम्मा महिना गेलेला असतो. अशा वेळी कृषी सहायकाने किंवा शेजारच्या शिकलेल्या पोराने फाईल हाती घेतली तरच ती वेळेत पोचते.

मोटारसायकलचंही एक सांगायला हवं. पोलिसाला दाखवायला म्हणून जो विमा काढला जातो त्यात, गाडी स्वतःच्या नावावर असेल आणि परवाना चालू असेल तर, मालक-चालकासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण 2018 पासून बहुधा असतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व, दोन्हींना. मालक गेल्यावर गाडी भंगारात विकून टाकणाऱ्या घरात तो कागद डिकीत तसाच राहतो.

बँकेच्या पासबुकाचं याहून वेगळं नाही. 9 मे 2015 ला केंद्र सरकारच्या दोन योजना आल्या. जीवन ज्योती विमा, 18 ते 50 वयाच्या खातेदाराला, कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख. एकदा घेतला की 55 व्या वर्षापर्यंत चालू ठेवता येतो. सुरक्षा विमा, 18 ते 70 वयासाठी, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायम अपंगत्वाला एक लाख. पहिल्याचा हप्ता 330 वरून 2022 मध्ये 436 झाला, दुसऱ्याचा 12 वरून 20. सापाने चावा घेतला किंवा झाडावरून पडला अशा प्रसंगी पोलिसांच्या कागदाविना रुग्णालयाच्या तातडीच्या नोंदीवरही सुरक्षा विम्याचा दावा होतो. घरातला माणूस गेल्यावर वारसांनी पासबुक भरून आणावं आणि त्यात 436 किंवा 20 रुपयांची वजावट शोधावी. जनधन खात्याचं रुपे कार्ड असेल आणि ते अपघातापूर्वीच्या 90 दिवसांत वापरलं असेल, तर त्याचाही अपघात विमा निघतो. खातेदाराने कधी तरी बँकेत एका फॉर्मवर अंगठा उठवलेला असतो, घरी कुणाला सांगितलेलं नसतं.

जीवन ज्योती आणि सुरक्षा या दोन्ही योजनांचं वर्ष 1 जून ते 31 मे. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. दिल्लीत बसून वर्ष आखणाऱ्याला यात वावगं काही दिसलं नसेल. वर्धा जिल्ह्यात मात्र हा आठवडा पेरणीच्या तोंडावरचा. रोहिणी लागलेल्या असतात, कपाशीचं बियाणं, खताची पोती, ट्रॅक्टरवाल्याची उधारी, मुलांच्या शाळेच्या वह्या सगळं एकदम अंगावर येतं आणि शेतकरी खात्यातला शेवटचा रुपया काढून कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवतो. बँकेचं यंत्र 456 रुपये शोधतं, सापडत नाहीत, पुढे जातं. वर्षभराचं संरक्षण तिथेच तुटतं आणि खातेदाराला पत्ताही नसतो. पुन्हा नोंदवता येतं, पण आयुर्विम्याचे पहिले 30 दिवस अपघाताखेरीज काही मिळत नाही.

2025 च्या हंगामात बीटी कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीट 901 रुपयांना होतं. मेच्या 25 तारखेला खातं रिकामं करताना त्याच्या निम्म्या किमतीहून जराशी जास्त रक्कम मागे ठेवायची, आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर तालुक्याला जाणं होईल तेव्हा पासबुक छापून ती वजावट झाली का पाहायची, एवढं काम आहे.